भट्टीला नेलेला डबा

"आज चाखायचं नाही हं तू," रूथमावशी म्हणाली आणि लाकडी चमचा माझ्या बोटांवर हलकेच मारला.

मी हात मागे घेतला. तिच्यासमोर परातीत सफरचंदाच्या फोडी होत्या. त्यांच्यावर मूठ-मूठ तुती आणि बोराएवढ्या, अर्ध्याच लाल झालेल्या स्ट्रॉबेरी. तुतीचा जांभळा रस फोडींना लागत चालला होता. दाराबाहेर फेब्रुवारीचं ऊन होतं, पण पाचगणीत त्या उन्हाला अजून धार आली नव्हती. मावशीच्या अंगावर दोन स्वेटर होते, एकावर एक, आणि दोन्हींचे कोपर मी रफू केलेले.

"रोज चाखायला लावता आणि आजच काय झालं?"

"आज नाथासाठी आहे. पहिला घास त्याचा."

नाथा म्हणजे नथानिएल, तिचा एकुलता मुलगा. मुंबईत परळला राहायचा, गिरणीत फिटर होता. चार दिवसांपूर्वी त्याचं पत्र आलं होतं. सफरचंदांची पेटी पुढे पाठवतो आहे, शनिवारी दुपारी स्वतः येतो. "तुझं आता वय झालं. त्या थंडीत तू एकटी कशी राहतेस ते डोळ्यांनी बघतो, मग काय ते ठरवू."

ते पत्र घेऊन मावशी गल्लीतल्या प्रत्येक दारात गेली होती. प्रत्येक दारात तिने एकच सांगितलं. "मी काही इथून हलायची नाही. यशवंतरावांच्या शेजारी माझी जागा धरून ठेवलीय मी." यशवंतराव म्हणजे तिचे यजमान. चर्चमागच्या दफनभूमीत सिल्व्हर ओकखाली होते ते.

हे ऐकून सगळ्यांत जास्त जीव भांड्यात पडला तो माझा.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. मुलींच्या एका शाळेत शिवण शिकवायचे. माझ्या नवऱ्याने दुसरं घर केलं होतं आणि वाईला भावाच्या घरी माझं अंथरूण माजघरातल्या पिंपांच्या शेजारी पडायचं. नोकरी लागल्यावर मी पाचगणीला आले, तर एकट्या बाईला खोली द्यायला कोणी तयार होईना. रूथमावशीने दिली. ती त्याच शाळेच्या मुदपाकखान्यात तीस वर्षं स्वयंपाकीण होती. निवृत्त झाल्यावर शाळेने मागच्या आवारातल्या दोन खोल्या तिला तहहयात राहायला दिल्या होत्या. ती होती तोवर त्या तिच्या. ती गेली, मुंबईला किंवा देवाघरी, की शाळेच्या.

"लोणी बघ गं," ती म्हणाली. "कडक आहे ना अजून?"

लोणी रात्रभर खिडकीबाहेर ठेवलं होतं, त्यामुळे दगडासारखं होतं. मी त्याचे तुकडे मैद्यात टाकले आणि चोळायला लागले. आमच्याकडे शंकरपाळ्यांना मोहन घालतात तसं मी पहिल्यांदा केलं होतं, तेव्हा मावशीने सगळी परात बाजूला सारली होती. हा पदार्थ ती नगरला मिशनच्या बंगल्यावर शिकली होती, तेरा वर्षांची असताना, एका म्हाताऱ्या मडमेच्या हाताखाली. मडम त्याला क्रंबल म्हणायची. मावशीही तेच म्हणायची, पण तिच्या तोंडी तो शब्द पिठलं-भाकरीइतका घरचा वाटायचा.

"बोटांच्या टोकांनी. तळवा लावू नकोस, तळव्याला ऊब असते."

"माझे तळवे गारच असतात."

"तुला काय माहीत तुझे तळवे," ती म्हणाली.

मैद्याचा जाडसर रवा झाला. आता त्यात साखर घालायची. मी उठून फळीवरचा बिस्किटांचा डबा काढायला गेले. त्यात तिची साखर होती. त्या वर्षी साखर रेशनवर होती आणि मिळायची तीही ओलसर. दिवाळीपासून मावशी गुळाचा चहा पीत होती आणि आपल्या वाट्याची साखर त्या डब्यात साठवत होती.

"राहू दे. मी घेते," ती म्हणाली. "तू नळावर जा. पाणी जाईल."

मी कळशी घेऊन गेले. नळावर रांग होती. परत आले तेव्हा पत्र्याचा पसरट डबा भरून तयार होता. खाली फळं, वर पिठाचा चुरा, काट्याने ओढलेल्या तीन आडव्या रेघा. डब्याच्या कडेला खिळ्याने ठोकलेला छोटा क्रूस होता, भट्टीत इतरांच्या डब्यांत मिसळू नये म्हणून. मावशी हात पुसत होती. बिस्किटांचा डबा फळीवर आपल्या जागी होता.

"जा घेऊन," ती म्हणाली. "दस्तगीरला सांग, मधल्या जागी ठेव. आणि द्वारके..."

"काय?"

"नाथा विचारेल तुला. मी परवा अंगणात पडले ते सांग त्याला. आणि दूध उतू गेलं तेही. दोनदा गेलं म्हणून सांग."

मला हसू आलं. "बिचारे घाबरतील की."

"घाबरू दे थोडा," ती म्हणाली आणि तीही हसली. मग तिने डब्यावर ओलं फडकं टाकलं आणि चारी बाजूंनी दोन दोनदा खोचलं.

त्या आठवड्यात ती खरंच पडली होती. मी शाळेतून आले तेव्हा तिने मला हाताला धरून अंगणात नेलं आणि कुठे पाय घसरला, कुठे गुडघा टेकला, सगळं दाखवलं. मी तिथली शेवाळ खरवडून काढली. त्याहून जास्त काही माझ्या मनात आलं नाही.

बेकरी बाजाराच्या टोकाला होती. तिथली लाकडाची भट्टी पहाटे पावासाठी पेटायची आणि दहाच्या सुमाराला उतरायची. मग त्या उरलेल्या आचेवर घरोघरचे डबे लागायचे. दिवाळीत नानकटाई, नाताळात केक, एरवी कोणाकोणाची बिस्किटं. गावात कोणाकडेच भट्टी नव्हती, त्यामुळे कोणाच्या घरी काय गोडधोड होतंय ते दस्तगीरभाईंना सगळ्यांत आधी कळायचं.

"आज मावशी नाही आली?" लांब दांड्याचं फावडं भिंतीला टेकवत त्यांनी विचारलं.

"मुलगा येणार आहे. घरी थांबल्यात."

"हां, ऐकलं. घेऊन जाणार म्हणे."

"त्या नाही जाणार."

"मग तुमचं बरंच झालं की, बाई." ते सहज बोलले, पण मला कान गरम झाल्यासारखं वाटलं. मावशीची खोली गेली की माझी खोली जाणार, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं.

आधीचे डबे निघायचे होते म्हणून मी ओट्यावर डबा ठेवून उभी राहिले. चढ उतरून आल्यामुळे एका बाजूने रस कडेवर आला होता. माझ्या अंगठ्याला लागला. मी तो चाटला.

दात आंबले.

मला वाटलं, नुसत्या तुतीचा रस असेल. मी फडक्याचं टोक सोडलं आणि वरचा चुरा चिमटीभर तोंडात टाकला. मैदा आणि लोणी. बाकी काही नाही. चुरा थोडा सारून एक फोड काढली. तीही तशीच. त्या अख्ख्या डब्यात साखरेचा एक कण नव्हता.

विसरली, मी म्हटलं मनाशी. दूध विसरली, शेवाळ विसरली, आता साखर विसरली.

मग मला पुढचं सगळं दिसलं. नथानिएल पहिला घास घेईल, तोंड वाकडं करील, आईकडे बघेल. काही बोलायचा नाही, पण ठरवून टाकील. मावशी गल्लीभर सांगून आली होती की मी हलणार नाही, आणि आता तिच्याच हातच्या पदार्थाने तिची गठडी वळली जाणार. मग वाईचं माजघर दिसलं. पिंपं दिसली. हे दुसरं मला आधी दिसलं की नंतर, ते मी नक्की सांगू शकत नाही.

"दस्तगीरभाई, वाटीभर साखर मिळेल?"

त्यांनी वळून पाहिलं. "मावशी विसरली?"

"मी विसरले. मला घालायला सांगितली होती."

त्यांनी आतून वाटी आणून दिली. मी परात मागून घेतली, चुरा सगळा काढून ठेवला, फळांत साखर कालवली, चुऱ्यात कालवली, पुन्हा वर पसरला. काटा नव्हता, म्हणून बोटांनी तीन रेघा ओढल्या. त्या मावशीसारख्या सरळ आल्या नाहीत. डबा भट्टीत गेला. थोड्या वेळाने कडांवर जांभळे बुडबुडे फुटायला लागले आणि साखर भाजल्याचा वास बाहेर रस्त्यापर्यंत गेला. मला फार बरं वाटलं. आपण कोणाला तरी वाचवलं की जसं वाटतं तसं.

मी घरी पोचले तेव्हा नथानिएल आलेला होता. खाटेच्या कडेला बसला होता. चाळिशीचा, बारीक, केस मागे सारलेले. मावशीच्या अंगावर अजून तीच विटलेली साडी होती. सकाळी मी तिची पांढरी, जांभळ्या काठाची साडी काढून ठेवली होती. ती खुंटीवरही नव्हती.

"साडी नाही बदललीत?" मी हळूच विचारलं.

"हीच बरी आहे," ती म्हणाली.

जेवणं झाली. मटणाचा रस्सा तिने साधाच केला होता. बोलणं मुलांचं झालं, सुनेचं झालं, गिरणीचं झालं. मग तिने क्रंबलचा डबा पुढे घेतला. रेघांकडे पाहून क्षणभर थांबली, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं. तिने एका काचेच्या बशीत मोठा वाटा काढला आणि मुलासमोर ठेवला. स्वतःला घेतलं नाही, मला दिलं नाही. वाढण्याचा चमचा हातात तसाच धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

त्याने घास घेतला. डोळे मिटले.

"गोड आहे?" मावशीने विचारलं.

"केलंस तू आणि विचारतेस मला?"

"थोडं आंबट असेल."

"अजिबात नाही. नेमकं आहे." त्याने दुसरा घास घेतला. "आई, आमच्याकडे हिने दोनदा करून बघितलं गं. सफरचंदं आणली, सगळं आणलं. हे नाही जमलं. वर्षं झाली किती, तुझा हात तसाच आहे."

"तसाच आहे?"

"तस्साच."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे बघून हसले. आपल्या दोघींचं गुपित आहे, असं मला सांगायचं होतं. तिने नजर खाली घेतली आणि त्याच्या बशीत आणखी वाढलं.

हात धुवायला तो अंगणात आला तेव्हा मी भांडी घासत होते. त्याने दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली केला.

"द्वारकाताई, खरं सांगा. कसं चाललंय आईचं?"

"मावशींचं? माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत."

"पडली-बिडली नाही ना कुठे? विसरते का?"

शेवाळ काढलेली जागा त्याच्या पायाखालीच होती.

"छे," मी म्हटलं.

त्याने श्वास सोडला. त्याचे खांदे इंचभर खाली आले, ते मी पाहिले. "घेऊनच या त्यांना, असं बायकोने बजावून पाठवलंय मला. मीही तसं ठरवूनच आलो होतो. पण तिथे दोन खोल्या, तीन मुलं. गॅलरीत झोपवणार का तिला? आणि इथे बघतो तर ही अशी मजेत. चांगलं रुजलेलं झाड उपटून काय करायचं?"

"खरंय," मी म्हटलं.

चार वाजताची एसटी होती. साडेतीनला तो निघाला. उंबऱ्यात बसून त्याने बुटांच्या नाड्या बांधल्या, पिशवी खांद्याला अडकवली आणि मग उभं राहून म्हणाला, "आई, येतेस का माझ्याबरोबर?"

मावशी दाराला धरून उभी होती. तिने त्याच्या बांधलेल्या नाड्यांकडे पाहिलं.

"मी कुठली येते," ती म्हणाली. "तुझ्या बापाशेजारी जागा आहे माझी."

"मला माहीतच होतं," तो हसून म्हणाला. त्याने तिच्या कपाळाला ओठ लावले आणि निघाला. वळणावर सिल्व्हर ओकच्या रांगेत दिसेनासा झाला तरी ती दारातच होती.

मी आत येऊन दोन बशा काढल्या. "बसा आता," मी म्हटलं. "तुम्ही तर चाखलंसुद्धा नाही."

ती बसली. चमचाभर घेतलं. हळूहळू चावलं, गिळलं.

"साखर कुठली?" तिने विचारलं.

मी या प्रश्नाची वाटच बघत होते. "दस्तगीरभाईंकडून घेतली. तुम्ही विसरला होतात. बरं झालं मी चाखलं, नाहीतर केवढी पंचाईत झाली असती. त्यांना काही म्हणजे काही कळलं नाही."

"मी विसरले होते," ती म्हणाली.

"हो ना."

"तेरा वर्षांची होते तेव्हापासून करतेय मी हे, द्वारके."

ती उठली. खाटेखाली वाकायला तिला कष्ट पडले, पण मला हात लावू दिला नाही. तिने तिची पत्र्याची ट्रंक ओढून बाहेर काढली. ट्रंकेला सुंभाची दोरी बांधलेली होती, दोन फेरे आणि पक्की गाठ. प्रवासाला बांधतात तशी. ती जमिनीवर बसून गाठ सोडायला लागली. सुटेना, तेव्हा दातांनी सोडली. वरतीच पांढरी, जांभळ्या काठाची साडी होती. तिच्याखाली बायबल, यशवंतरावांचा फोटो, नातवंडांसाठी विणलेली तीन टोपरी. तिने साडी काढून खुंटीवर ठेवली. फोटो भिंतीवरच्या खिळ्याला लावला. त्या खिळ्याखालचा पांढरा चौकोन मला सकाळपासून दिसला कसा नव्हता, कोण जाणे.

"मावशी," मी म्हटलं. "तुम्ही तर सगळ्यांना सांगत होतात..."

"मग काय सांगणार होते? मला नेतोस का म्हणून पोराच्या पाया पडू?" ती शांतपणे टोपऱ्यांच्या घड्या घालत होती. "त्याला वाटतं, आईला काही लागत नाही. त्याचा बाप गेला तेव्हाही मी मुदपाकखान्यात दोनशे पोरींचा स्वयंपाक करून मग दफनाला गेले. तेव्हापासून वाटतं त्याला. म्हटलं, एकदा बघू दे. एकदा तोंड वाईट होऊ दे त्याचं. मग तोच म्हणाला असता, चल."

स्टोव्हवर पाणी ठेवायला मी उठले, नुसतंच काहीतरी करायला. तिने फळीकडे बोट दाखवलं.

"तो डबा काढ."

मी बिस्किटांचा डबा काढला. जड होता. झाकणाखाली, साखरेवर, चौकोनी घडी घातलेला कागद होता. तिच्या मोठ्या, बाळबोध अक्षरात फक्त 'द्वारका' लिहिलेलं.

"तुझ्यासाठी ठेवली होती. मी गेल्यावर तुला गुळाचा चहा जात नाही म्हणून." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "घाल आज दोघींना."

मी चहा केला. तिने अर्धा कप प्यायला.

"मी उद्या कार्ड टाकते त्यांना," मी म्हटलं. "सगळं खरं लिहिते. ते येतील परत."

"नको."

"का नको? त्यांच्या बायकोनेच तर..."

"बूट घालून विचारलं त्याने," मावशी म्हणाली.

त्यानंतर ती या विषयावर कधी बोलली नाही. मला टोमणा मारला नाही, खोली सोड म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी चर्चला पांढरी साडी नेसून गेली आणि कोणी विचारलं की म्हणायची, "आला होता ना, खूप आग्रह केला. मीच नाही म्हटलं."

कार्ड माझ्याजवळ होतं. पुस्तकात घालून ठेवलेलं, कोरं. तिने नको म्हटलं होतं, पण तिने यापूर्वीही बऱ्याच गोष्टींना नको म्हटलं होतं आणि त्या मी केल्या होत्या. हे मला तेव्हाही समजत होतं. आठ दिवस मी ते कार्ड रोज काढलं आणि ठेवलं. नवव्या दिवशी ते वाईला भावाला लिहिलं. माझं इथे चांगलं चाललं आहे, काळजी नसावी.

तिसऱ्या हिवाळ्यात ती गेली. छातीत कफ झाला आणि चार दिवसांत आटपलं. नथानिएल पोचला तोवर सिल्व्हर ओकखाली खड्डा तयार होता. सगळे परतले तेव्हा तो माझ्याबरोबर चालत आला. चर्चच्या फाटकाशी थांबून त्याने विचारलं, "तिला इथून हलायचंच नव्हतं. हो ना?"

त्याचे डोळे माझ्या तोंडावर होते. अंगणात त्या दिवशी होते तसेच.

"नव्हतं," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, दोन-तीनदा. "ते शेवटचं क्रंबल," तो म्हणाला. "तशी चव पुन्हा नाही मिळायची."

महिन्याभरात शाळेने खोल्या ताब्यात घेतल्या आणि मी वसतिगृहात राहायला गेले. पुढे निवृत्त झाले, साताऱ्याला आले. इथे माझ्याकडे विजेची भट्टी आहे, सफरचंदं बारा महिने मिळतात. भाच्याचा फोन येतो रविवारी. आत्या, तू या वयात एकटी इतकं नीट राहतेस, आम्हाला कौतुक वाटतं, म्हणतो. मी म्हणते, मला काय होतंय.

फेब्रुवारीत बाजारात तुती आली की मी क्रंबल करते. क्रूस ठोकलेला डबा माझ्याकडेच आहे. फोडी करते, गार बोटांनी लोणी चोळते, चुरा पसरते. मग साखर घालायच्या आधी चमचाभर काढून घेते आणि तो आंबट घास, दात आंबेपर्यंत, पूर्ण चावून खाते.